गारवा शिकायचा ऑगस्ट

“एसी! एसी दुरुस्त करायला जर्मनीला जाणार ही! अगं, त्या देशात एसी असतात तरी का?”

मिलिंद ओरडत होता. माझा नवरा एका बँकेच्या रिस्क डिपार्टमेंटमध्ये आहे, त्यामुळे एरवी त्याला फ्रिज उघडण्यातही जोखीम दिसते आणि तो सगळं हळू आवाजात करतो. त्या दिवशी मात्र आमच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घराच्या काचा थरथरल्या. खालच्या बागेतली दोन मांजरं सामान बांधून शारजाला निघून गेली. ज्या एसीखाली उभा राहून तो ओरडत होता, तो बाथरूमच्या छतातल्या फळीआड आदल्या दिवसापासून मरून पडला होता. शिडीवर माझ्या कंपनीतले नासिरभाई होते. शिडीखाली टॉर्च धरून आमची रेवा उभी होती. वय अठरा, बारावी पास, आणि चेहऱ्यावर असा भाव की वडील ओरडत नसून टीव्हीवर कुणी बातम्या देतंय.

“बाबा, दे हॅव फ्रिजेस,” ती म्हणाली. “अँड हॉस्पिटल्स. अँड आइसक्रीम.”

“आइसक्रीमसाठी मी तुला बारा वर्षं सीबीएसई शाळेत घातलं?”

“भाईसाब, ज़रा आहिस्ता,” वरून नासिरभाई म्हणाले. “पंखे का स्क्रू हाथ में है. गिर गया तो आज भी पसीना, कल भी पसीना.”

मिलिंद गप्प झाला. ऑगस्टमध्ये दुबईत एसीवाल्याचं सगळे ऐकतात.

आता पुन्हा ऑगस्ट आलाय. सकाळी सातला दार उघडलं की चष्मा पांढरा होतो आणि माणूस लिफ्टपर्यंत अंदाजाने चालतो. गाडीचं स्टिअरिंग मी ओव्हनच्या हातमोज्यांनी धरते. गेल्या वर्षी गच्चीत पापड वाळत घातले आणि पाच मिनिटांत परत आले तर ते भाजून झाले होते. तळलेले होते असंच मी सांगायचे, पण आता मोजून बोलायची सवय लावून घेतलीय, म्हणून भाजलेले. थंड पाण्याच्या नळाला कढत पाणी येतं. त्यावर इथे सगळ्यांचा एकच तोडगा आहे. मेमध्ये गीझर बंद करायचा, त्याच्या टाकीतलं पाणी घरातल्या गारव्यात निवतं, आणि मग आंघोळीला गरम पाण्याचा नळ सोडायचा. नवीन आलेला पाहुणा हे ऐकून आमच्याकडे वेड्यासारखा बघतो. दुसऱ्या दिवशी भाजून निघाला की तोही लाल खुणेचा नळ सोडतो.

या महिन्यात बिल्डिंग रिकामी होते. शाळांना सुट्टी, सगळे पुण्या-मुंबईला. मागे राहणाऱ्यांकडे सगळ्यांच्या किल्ल्या. माझ्याकडे सात घरांच्या असतात. तुळशी, मनी प्लांट, एका घरी एक कासव. मी रोज सात घरांत पाणी घालत फिरते, आणि त्या बंद घरांमधली कोंडलेली गरम हवा अंगावर आली की मला गेल्या वर्षीचा ऑगस्ट आठवतो. मिलिंदचा आवाज, शिडीवरचे नासिरभाई, आणि मी केलेला तो उद्योग.

जर्मनी आमच्याकडे नवीन नाही. इथल्या मराठी मंडळात बारावीचा निकाल लागला की जर्मनीची साथ येते. एकेका घरात ताप चढतो. “अहो, तिथे सरकारी युनिव्हर्सिटीत फी जवळजवळ नाहीच म्हणे!” हे वाक्य मी हळदीकुंकवाला, वाढदिवसाला आणि एकदा तर तेराव्यालाही ऐकलंय. मग कुणीतरी म्हणतं, आधी भाषा लागते. कुणी म्हणतं, आपली बारावी तिथे एकदम चालत नाही, मध्ये वर्ष काढावं लागतं. कुणी ऑस्ट्रिया सुचवतं, कुणी स्वित्झर्लंड. स्वित्झर्लंड सुचवणाऱ्याने तिथे एकदा कॉफी प्यालेली असते, दिरहमचे रुपये करून तो तिचा भाव सांगतो आणि विषय तिथेच संपतो. मिलिंदचा आराखडा तयार होता. रेवाने पुण्यातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचं आणि मग मास्टर्सला जर्मनीत जायचं. त्याने त्याचा तक्ता केला होता. त्यात लाल, पिवळे, हिरवे रकाने होते. सगळे हिरवे होते.

रेवाला जर्मन यायचं कारण अगदी साधं. सहावीत फ्रेंचच्या वर्गात जागा नव्हती. आम्ही शाळेत जाऊन भांडलो, म्हणजे मी भांडले, मुख्याध्यापिका अजून मला पाहिलं की दुसऱ्या दाराने जातात. पण जागा नव्हतीच. सात वर्षांनी त्याचं असं होईल हे कुणाच्या तक्त्यात नव्हतं.

आणि नासिरभाई? त्यासाठी माझी नोकरी सांगायला हवी. मी एका छोट्या कंपनीत ॲडमिन बघते. कंपनी गार कंटेनर दुरुस्त करते. मासे, सफरचंदं, औषधं ज्या कंटेनरमधून जहाजाने येतात, त्यांना मागे एक यंत्र असतं. ते बंद पडलं की आतला माल दोन दिवसांत ओरडायला लागतो. ऑफिस शारजात, रोल्लाला. यार्ड डोंगरापलीकडच्या खोर फक्कान बंदराला. डिस्कव्हरी गार्डन्सहून रोल्लाला रोज जाणं म्हणजे काय, ते विचारू नका. त्या ट्रॅफिकमध्ये मी एक स्वेटर विणून पूर्ण केलाय. दुबईत. स्वेटर.

जुलैत रेवा घरी बसून कंटाळली होती, म्हणून मी तिला तीन आठवडे खोर फक्कानला नेलं. डोंगर पोखरून केलेल्या बोगद्यांतून गाडी बाहेर पडते आणि एकदम समोर समुद्र येतो. मागे उघडे तपकिरी डोंगर. गवताचं पातं नाही. यार्डात कंटेनर ओळीने उभे, आणि सगळे गुणगुणत असतात. मला तो आवाज डोक्यात जातो. रेवा पहिल्या दिवशी एका कंटेनरला गाल लावून उभी राहिली. बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री, आत उणे अठरा, आणि मध्ये वीतभर भिंत. “आई,” ती म्हणाली, “हाऊ इज धिस अलाउड?”

नासिरभाई त्यांची बाटली काढून पाणी पीत होते. पेशावरकडचे आहेत, साठीला टेकलेले, दाढी मेंदीने लाल. ते हसले. “बेटी, ये ठंडा करता नहीं है. गरमी को उठा के बाहर फेंकता है. बस.”

त्या ‘बस’पासून सुरुवात झाली. नासिरभाई पेचकसाचं टोक कॉम्प्रेसरला लावायचे आणि मूठ कानाला. डॉक्टरासारखे. मग सांगायचे, हा पंधरा दिवस चालेल, हा दोन. मी कधी त्यांचं भाकीत चुकलेलं पाहिलं नाही. रेवा टॉर्च धरायची, नट मोजून डबीत ठेवायची, आणि विचारायची. हे का? ते कुठे जातं? मग इथे बर्फ का धरला? नासिरभाईंनी अख्ख्या आयुष्यात जेवढी उत्तरं दिली नसतील तेवढी त्या तीन आठवड्यांत दिली. संध्याकाळी गाडीत तिच्या हाताला तेलाचा वास यायचा. चेहरा मात्र असा, जसा मी तिचा बारावीच्या दोन वर्षांत बघितला नव्हता.

मग तिने गुपचूप जर्मनीत अर्ज केले. कॉलेजला नाही. तिकडे ‘आउसबिल्डुंग’ नावाचा प्रकार असतो. एखाद्या कंपनीत तुम्हाला शिकाऊ म्हणून घेतात. आठवड्यातले काही दिवस तिथे काम, काही दिवस सरकारी शाळेत त्याच कामाचं शिक्षण, आणि शिकताना पगार. गार यंत्रांचा असा साडेतीन वर्षांचा रीतसर अभ्यासक्रम आहे. शेवटी परीक्षा आणि देशभर चालणारं प्रमाणपत्र. पुढे मास्टर, म्हणजे दुसऱ्यांना शिकवणारा उस्ताद, होता येतं, स्वतःचा धंदा काढता येतो. बेकरीवाल्याचं तसंच, चष्मेवाल्याचं तसंच, नळवाल्याचंही. लहान गावांतल्या कंपन्यांना शिकायला मुलं मिळत नाहीत, म्हणून भाषा येत असेल तर परदेशातल्यांचाही विचार होतो. हे सगळं मला रेवाने शिडीखाली, टॉर्च न हलवता, पाच मिनिटांत सांगितलं. मी सांगायला घेतलं असतं तर तीन दिवस लागले असते.

मी चारशे अर्ज म्हणते, ती चौदा म्हणते. उत्तर एकाच ठिकाणाहून आलं. गाव इतकं लहान की नकाशावर करंगळी ठेवली तर गाव, नदी आणि शेजारचा तालुका झाकला जातो. तिथे हेर ब्रोख, म्हणजे आपल्या भाषेत श्रीयुत ब्रोख, नावाचे एक मास्टर, त्यांची नऊ माणसांची कंपनी, आणि पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरसाठी एक जागा. एक म्हणजे एकच. कागद पाठवा, मग व्हिडिओवर बोलू, असं त्यांनी लिहिलं होतं.

एसी सुरू झाल्यावर मिलिंदचा आवाज खाली आला, पण मुद्दा तोच राहिला. “पुण्याच्या सीटसाठी एकतीस ऑगस्टपर्यंत हो म्हणायचंय. तोपर्यंत तुझ्या त्या माणसाचं लेखी उत्तर आलं तर बोलू. नाहीतर खलास. कॉम्प्युटर.”

“डील,” रेवा म्हणाली.

नासिरभाई शिडी मिटत होते. मी त्यांना चहा दिला. त्यांनी तो उभ्याने प्यायला, नेहमीसारखा. ते गेल्यावर रेवा मला म्हणाली, “आई, यू नेव्हर ऑफर हिम अ चेअर.” मी म्हटलं, अगं, त्यांचे कपडे तेलकट असतात, त्यांनाच संकोच वाटतो. तिने त्यांचा कप उचलून विसळला. पण तिचं खरं होतं. मी गेली नऊ वर्षं त्यांना चहा देतेय, खुर्ची कधी दिली नाही. मिलिंद ज्याच्यावरून ओरडत होता, तेच मी न ओरडता करत होते.

आता माझा उद्योग.

आखाती देशात कागद शिक्क्याने जिवंत होतो. शिक्का नाही तर तो टिश्यू पेपर. आणि इथे अनुभवाची पत्रं कशी लिहितात ते मला विचारा, कारण ती मीच लिहिते. हेल्पर नोकरी सोडताना आला की मी त्याला टेक्निशियन करते. टेक्निशियनला सुपरवायझर. कुणाचं नुकसान नाही, बिचाऱ्याला पुढे चार पैसे जास्त मिळतात, आणि पुढचा मालकही अशीच पत्रं देतो म्हणून त्याला किती वजा करायचं ते ठाऊक असतं. गावभर सगळे जास्त सांगतात, सगळे कमी धरतात, हिशेब जागेवर येतो. वीस वर्षांत मी किमान तीन देश चालतील एवढे सुपरवायझर तयार केले असतील.

रेवाचे कागद बघितले तर काय? शाळेची मार्कशीट, भाषेचं सर्टिफिकेट, आणि एका पानावर तिने स्वतः लिहिलेलं: जुलैमध्ये तीन आठवडे एका तंत्रज्ञाबरोबर होते, टॉर्च धरला, प्रश्न विचारले. टॉर्च धरला! असं कुणी लिहितं? पोरगी एवढ्या लांब अर्ज करतेय आणि हातात टॉर्च. मी ऑफिसात गेले, लेटरहेड काढलं. मालकांना विचारलं नाही, शिक्का माझ्याच खणात असतो. लिहिलं की कुमारी रेवा पेंढारकर यांनी दोन वर्षं आमच्या खोर फक्कान यार्डात स्वतंत्रपणे काम केलं, अकरा तंत्रज्ञ त्यांच्या हाताखाली होते, आणि त्यांच्यामुळे एका जहाजाचा पूर्ण माल वाचला. जहाज लिहिताना जरा थांबले. मग वाटलं, असू दे, तो मास्टर करेल वजा. दोन शिक्के मारले. एक गोल, एक चौकोनी. स्कॅन केलं आणि तिच्या फाइलमध्ये शेवटी जोडून दिलं. “कंपनीचं पत्र जोडलंय गं,” एवढंच तिला सांगितलं. तिला वाटलं, तीन आठवड्यांचं. तिने न उघडता पाठवलं, कारण मी आई होते.

व्हिडिओचा दिवस उजाडला. दुपार होती. रेवा जेवणाच्या टेबलाशी, लॅपटॉपसमोर, इस्त्रीचा शर्ट. मिलिंद स्वयंपाकघराच्या दारात, हात बांधून. मला तिने खोलीत थांबू नको म्हणून सांगितलं होतं, म्हणून मी इस्त्रीच्या टेबलामागे जमिनीवर बसले होते. ते खोलीत थांबणं होत नाही, असं माझं मत होतं.

हेर ब्रोख पडद्यावर आले. टक्कल, निळा कामाचा अंगरखा, मागे भिंतीवर पान्यांची रांग लहान-मोठ्या क्रमाने. नमस्कार-चमत्कार एका वाक्यात. त्यांनी चष्मा लावला आणि माझं पत्र वर धरलं. ते सावकाश जर्मन बोलत होते, मधून इंग्रजी. मला कळत होतं तेवढं पुरे होतं.

“फ्राउ पेंढारकर, इथे लिहिलंय की तुम्ही दोन वर्षं स्वतंत्रपणे काम केलंत. अकरा माणसं हाताखाली. एक जहाज.”

रेवाचा चेहरा मला मागून दिसत नव्हता, पण तिचे कान लाल झालेले दिसले.

“हे वाचून मला प्रश्न पडला,” ते म्हणाले. “मग तुम्ही शिकणार काय? माझ्याकडे एक जागा आहे. ज्याला येत नाही त्याच्यासाठी आहे. ज्याला येतं त्याला मी ती देऊ शकत नाही.”

मी वीस वर्षं लोकांना मोठं करत आले होते, आणि इथे एक माणूस लहानाच्या शोधात बसला होता. त्याने वजा केलंच नव्हतं. प्रत्येक अक्षर खरं धरलं होतं. मला त्याक्षणी जमीन दुभंगून खालच्या मजल्यावरच्या मल्याळी कुटुंबाकडे जायची इच्छा झाली.

रेवा म्हणाली, “ते पत्र खरं नाही.” जर्मनमध्ये म्हणाली, पण तेवढं जर्मन त्या दिवशी मलाही आलं. “मी तीन आठवडे टॉर्च धरला. माझ्या कागदात आहे तेवढंच. हे माझ्या आईने लिहिलंय. मी न वाचता पाठवलं, ती माझी चूक.”

हेर ब्रोखनी पत्र खाली ठेवलं. रागावले नाहीत. राग आला असता तर मला सोपं गेलं असतं, रागाशी मी बोलू शकते. ते म्हणाले, “आई घरी आहेत का?”

मी उठले. उठताना इस्त्रीचं टेबल पडलं. पडद्यासमोर आले तेव्हा माझ्या ओढणीला हँगर अडकलेला होता. मी इंग्रजीत सुरुवात केली की सर, आमच्याकडे पद्धत अशी आहे, आणि मुलगी अत्यंत, म्हणजे अत्यंत हुशार...

त्यांनी हात वर केला. मोजक्या इंग्रजीत विचारलं, “तुमच्या मुलीला काय येत नाही?”

हा प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता. शाळेत नाही, मंडळात नाही, नातेवाइकांत तर नाहीच. मी सात तास बोलू शकते, त्यातले सहा श्वास न घेता. पण तिथे मी आधी ओढणीतला हँगर सोडवला. स्वयंपाकघराच्या दारातून मिलिंद बघत होता. रेवा टेबलाकडे बघत होती.

मग मी सांगायला लागले. तिला गॅसचा सिलिंडर एकटीने उचलता येत नाही. जोडकाम येत नाही, नासिरभाईंनी ज्योत हातात दिली नाही. शिडीच्या चौथ्या पायरीनंतर तिचे पाय थरथरतात, तरी चढते. सकाळी तीन हाका मारल्याशिवाय उठत नाही. नटांची डबी दोनदा सांडली. स्वयंपाक येत नाही, मॅगी सोडून. एकटी कधी राहिलेली नाही. एका दिवसासाठीही नाही.

हेर ब्रोख लिहून घेत होते. सगळं. त्यांनी ओळी मोजल्या. मग म्हणाले, बाकीच्या मुलांना ते दोन आठवडे वर्कशॉपमध्ये बोलावून बघतात. रेवाला तसं येता येणार नाही. म्हणून तिने एक काम करावं. राहत्या घरातला गारवा कुठून येतो आणि गरमी कुठे जाते, याचं हाताने चित्र काढून पाठवावं. जिथे माहीत नाही तिथे प्रश्नचिन्ह घालावं. “आणि,” ते माझ्याकडे बघून म्हणाले, “आईशिवाय.”

पडदा काळा झाला. मी ‘रेवा’ म्हणाले. ती उठून तिच्या खोलीत गेली आणि दार लावलं. आपटलं नाही. लावलं. दोन दिवस ती माझ्याशी फक्त मीठ आणि वायफाय या दोन विषयांवर बोलली.

चित्राला तिने चार दिवस घेतले. मी एकदा दारातून म्हटलं की आमच्या ऑफिसातला ड्राफ्ट्समन कॉम्प्युटरवर छान काढून देईल, तर आतून “आई!” असं आलं की मी थेट रोल्लाला पोहोचले. मग एका संध्याकाळी बघते तो काय, बाथरूममध्ये शिडी, शिडीवर चौथ्या पायरीवर रेवा, आणि खाली टॉर्च धरून मिलिंद. दोन्ही हातांनी, जणू तो बँकेचाच टॉर्च.

“ही नळी कुठे जाते?” तो विचारत होता.

“नो आयडिया. भिंतीत.”

“मग तसं लिही.”

“दॅट विल बी द फिफ्टीन्थ क्वेश्चन मार्क, बाबा.”

“लिही गं. माहीत नाही ते लिहिलेलं बरं. आमच्याकडे बुडतं ते नेहमी न लिहिलेल्यामुळे.” त्याने टॉर्च गीझरकडे वळवला. “आणि गीझरचं पण काढ. बंद गीझरचं पाणी गार का राहतं, ते मला वीस वर्षांत कळलेलं नाही.”

मी दारातून मागे सरकले. मला बोलण्यासारखं पुष्कळ होतं. बोलले नाही. कुठे नोंद होत असेल तर करून ठेवा.

चित्र गेलं. मग काही नाही. ऑगस्ट पुढे सरकत राहिला. मी सात घरांत पाणी घातलं. कासवाशी बोलले, त्याने ऐकून घेतलं. पुण्याच्या कॉलेजचा मेल दोनदा आला, रंगीत, शुभेच्छांसह. मिलिंदने तो उघडून ठेवला होता, पण त्यातलं बटण दाबलं नव्हतं. रेवा दर तासाला फोन बघायची आणि बघत नसल्यासारखं दाखवायची. जेवताना तिच्या तोंडून एकदाच निघालं, “ही मस्ट थिंक वी आर ऑल लायर्स.” आम्ही सगळे. म्हणजे मी एकटीने केलेलं तिघांच्या नावावर.

त्या आठवड्यात नासिरभाई ऑफिसात पगाराची स्लिप घ्यायला आले. मी खुर्ची पुढे केली. ते खुर्चीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग बसले, अगदी कडेला. मी त्यांना सगळं सांगितलं, पत्रासकट. ते हसले नाहीत. म्हणाले, “मैडम, मेरा भी ऐसा काग़ज़ बना था एक बार. बीस साल पहले. उसमें लिखा था इंजीनियर. नई जगह पहले ही दिन ड्रॉइंग सामने रख दी. मैं पढ़ नहीं पाया. शाम को निकाल दिया.” चहा संपवून त्यांनी कप स्वतः नेऊन ठेवला. ते पत्र माझ्यासारख्याच कुणीतरी चांगल्या मनाने लिहिलं असणार. त्यानंतर मी पत्रं लिहिते ती कमी लांबीची असतात. हेल्पर हेल्पर राहतो, पण त्याला जे येतं ते एकेक करून लिहिते. वेळ जास्त लागतो, कारण आधी त्याला विचारावं लागतं.

अठ्ठावीस तारखेला मी रेवाच्या खोलीचं दार वाजवलं. म्हटलं, “मला त्यांना एक मेल लिहायचाय. तुझ्यासाठी नाही. माझ्या पत्राबद्दल.”

तिने कानातले इअरफोन काढले. “चार ओळी,” ती म्हणाली. मराठीत म्हणाली, म्हणजे गंभीर होतं. “आणि पाठवायच्या आधी मी वाचणार.”

चार ओळी लिहायला मला पूर्ण दुपार लागली. पहिला खर्डा तीन पानांचा झाला, त्यात माझं बालपण आलं होतं. शेवटी राहिलं ते असं: ते पत्र मी लिहिलं. त्यातली दोन वर्षं, अकरा माणसं आणि जहाज खोटं आहे. माझ्या मुलीला ते ठाऊक नव्हतं. माझ्या पत्रामुळे तिची जागा गेली असेल तर कृपया तसं मला लिहा, तिला नको.

रेवाने वाचलं. शेवटची ओळ खोडायला लावेल असं वाटलं. तिने फक्त एक स्वल्पविराम घातला आणि जर्मन करून पाठवून दिलं.

एकोणतीस गेली. तीस तारखेला सकाळी मिलिंद कामावर जायला निघाला होता, एक बूट पायात, एक हातात. रेवाचा फोन वाजला. ती तशीच जागेवर उभी राहिली. मी तिच्या चेहऱ्यावरून काही वाचायचा प्रयत्न केला, पण ती वडिलांवर गेलीय, चेहऱ्यावर काही ठेवत नाही.

“मला आलंय की तुला?” मी विचारलं.

“तुला,” ती म्हणाली. “दोनच ओळी आहेत.”

“वाच.”

तिने आधी मनात वाचलं, मग घसा साफ केला आणि एकेक शब्द मराठीत करत वाचलं.

“‘आमच्याकडे पुढच्या वर्षी एक सप्टेंबरला काम सकाळी सात वाजता सुरू होतं. तिने नाश्ता करून यावं.’”